रेंज फुल, आउटगोइंग चालू, पण इनकमिंगच लागत नाही: पेजिंगमध्ये गडबड कुठे आहे ते कसं शोधायचं

फोनवर रेंज फुल दिसतेय, नेट व्यवस्थित चालतंय, आपण कुणाला फोन लावला तर लगेच लागतो, पण आपल्याला कुणी लावला की त्याला "संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे" ऐकू येतं आणि मग अर्ध्या तासाने आपल्याकडे मिस्ड कॉलचे तीन-चार मेसेज एकदम येऊन पडतात. एखाद्या वेळी झालं तर सोडून देता येतं, पण ज्यांना रोज होतं त्यांचे खरंच हाल होतात, घरात कुणी आजारी असेल तर जास्तच. मग सिम बदलून बघतात, फोन फॅक्टरी रिसेट करतात, काही जण फोनच नवीन घेतात आणि चार दिवसांनी परत तेच सुरू. मी बरीच वर्षं नेटवर्क ऑप्टिमायझेशनचं काम केलंय आणि या एका तक्रारीवर जेवढा वेळ गेलाय तेवढा दुसऱ्या कशावर गेला नसेल, म्हणून जे माहितीये ते एकदा नीट लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, रेंजच्या काड्या आणि इनकमिंग यांचा संबंध वाटतो तेवढा नाहीये. काड्या फक्त एवढंच सांगतात की तुमच्या फोनला टॉवर किती जोरात ऐकू येतोय. इनकमिंग लागायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: तुम्ही कुठल्या भागात आहात हे नेटवर्कला माहीत पाहिजे, त्या भागातल्या सेलवरून (सेल म्हणजे टॉवरच्या एका अँटेनाचा पट्टा) तुमच्यासाठी हाक मारायला, म्हणजे पेजिंग करायला, जागा पाहिजे, आणि हाक जाते त्या नेमक्या क्षणी तुमचा फोन जागा पाहिजे. आउटगोइंगला यातलं काहीच लागत नाही, फोन स्वतःच उठतो आणि रॅचवर, म्हणजे फोनने टॉवरला हाक मारायच्या चॅनलवर, जाऊन चॅनल मागतो. म्हणून आउटगोइंग चालू आणि इनकमिंग बंद अशी जोडी दिसली की पहिला संशय पेजिंगवर घ्यायचा.

आता तो "नेमका क्षण" म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण ते कळल्याशिवाय पुढच्या टेस्टचा काही अर्थ लागणार नाही. नुसता पडून असलेला फोन सतत ऐकत बसत नाही, बसला तर बॅटरी टिकणारच नाही. तो झोपतो आणि ठरलेल्या वेळी क्षणभर उठून आपल्यासाठी हाक आहे का बघतो, नसेल तर परत झोपतो, याला डीआरएक्स म्हणतात. कधी उठायचं हे दरवेळी विचारून ठरत नाही, फोन आणि नेटवर्क दोघंही एकच सूत्र वापरून आपापलं गणित करतात, आणि २जी, ३जी, ४जी मध्ये त्या गणिताचा मुख्य आकडा म्हणजे तुमच्या सिमचा आयएमएसआय, सिमची कायमची ओळख असलेला नंबर.

२जी मध्ये ही रचना सगळ्यात स्पष्ट दिसते म्हणून तिथूनच सांगतो. सेलच्या मुख्य कॅरियरवर शून्य नंबरच्या टाइमस्लॉटमध्ये ५१ फ्रेमचं एक चक्र फिरत असतं, एका चक्राला साधारण २३५ मिलिसेकंद लागतात. त्यात फ्रिक्वेन्सी करेक्शन, सिंक आणि सेलची माहिती देणारा बीसीसीएच यांची जागा गेली की कॉमन कंट्रोलसाठी ९ ब्लॉक उरतात, प्रत्येक ब्लॉक ४ फ्रेमचा. या ९ ब्लॉकमध्येच पेजिंगचा पीसीएच आणि चॅनल वाटणारा एजीसीएच दोघांनी भागवायचं असतं. समजा ऑपरेटरने १ ब्लॉक एजीसीएचसाठी राखून ठेवला, तर पेजिंगला राहिले ८. मग अजून एक सेटिंग असतं की तुमची पाळी किती चक्रांनी परत येणार, ते २ ते ९ मध्ये कितीही ठेवता येतं. ५ धरलं तर ८ गुणिले ५ म्हणजे ४० पेजिंग ग्रुप झाले. तुमच्या आयएमएसआयचे शेवटचे तीन आकडे ३५० असतील तर ४० ने भागून बाकी उरते ३०, हा तुमचा ग्रुप. त्या ३० ला ८ ने भागा, भागाकार ३ आणि बाकी ६, म्हणजे शून्यापासून मोजत गेलं तर पाच चक्रांतल्या ३ नंबरच्या चक्रातला ६ नंबरचा पेजिंग ब्लॉक तुमचा. दर १.१८ सेकंदाला एकदा येणारा तो एक ब्लॉक, बस. तुमच्यासाठीची हाक दुसऱ्या कुठल्या ब्लॉकमध्ये गेली तरी तुमच्या फोनला ती कळणार नाही.

आणि त्या ब्लॉकमध्ये जागाही थोडीच असते. एका ब्लॉकमध्ये २३ बाइट जातात, पूर्ण आयएमएसआय लिहून हाक मारली तर २ फोन बसतात, तात्पुरता छोटा नंबर म्हणजे टीएमएसआय वापरला तर ४. वरच्या सेटिंगमध्ये सेकंदाला साधारण ३४ पेजिंग ब्लॉक जातात, म्हणजे आयएमएसआयने ६८ हाका किंवा टीएमएसआयने १३६. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण लक्षात घ्या, नेटवर्कला तुम्ही कुठल्या सेलमध्ये आहात ते माहीत नसतं, फक्त लोकेशन एरिया माहीत असतो, त्यामुळे एका माणसासाठीची हाक त्या एरियातल्या सगळ्याच्या सगळ्या सेलवरून जाते. म्हणजे शंभर सेलच्या एरियात पेजिंगचा लोड प्रत्येक सेलवर सारखाच, मग त्या सेलमध्ये हजार माणसं असोत की दहा.

यामुळे जो घोळ होतो तो मी स्वतः बघितलाय आणि सापडायला आम्हाला जवळजवळ महिना लागला. एका छोट्या सेलमधून सतत तक्रारी, संध्याकाळी इनकमिंग लागत नाही. सेलवर ट्रॅफिक नगण्य, रेंज चांगली, हार्डवेअर दोनदा बदलून झालं. शेवटी कॉन्फिगरेशन उघडून बघितलं तर ट्रॅफिक कमी म्हणून तो सेल कंबाइंड ठेवलेला, म्हणजे कंट्रोल आणि सिग्नलिंग एकाच टाइमस्लॉटमध्ये कोंबलेलं. अशा सेलमध्ये ९ ऐवजी ३ च ब्लॉक मिळतात, १ राखीव गेला की पेजिंगला २. सेकंदाला आयएमएसआयने १७ हाका, टीएमएसआयने ३४. शेजारचे सगळे मोठे सेल आरामात लोड घेत होते आणि हा बिचारा त्याच एरियात असल्यामुळे तोच लोड घ्यायचा प्रयत्न करत होता, क्यू भरली की वरच्या हाका सरळ टाकून देत होता. सेलची स्वतःची आकडेवारी बघून हे कधीच कळलं नसतं, कारण दोष त्या सेलच्या गर्दीचा नव्हताच, तो अख्ख्या एरियाच्या गर्दीचा होता. कुणी ऑप्टिमायझेशनमध्ये नवीन असेल तर एवढं तरी नक्की लक्षात ठेवा, पेजिंग कपॅसिटी एरियातल्या सगळ्यात लहान सेलवरून मोजायची. उपाय म्हणजे सेल नॉन-कंबाइंड करणं, किंवा लोकेशन एरिया फोडून लहान करणं, आणि पहिली हाक टीएमएसआयने जातेय ना ते तपासणं.

३जी बद्दल थोडक्यात, तिथे आधी पीआयसीएच नावाचा एक छोटा इशारा देणारा चॅनल असतो, फोन फक्त तेवढा इशारा बघतो आणि तो लागला असेल तरच पुढचा खरा पेजिंग मेसेज वाचतो. ४जी मध्ये पेजिंगसाठी वेगळी राखीव फिजिकल जागाच उरली नाही, पीसीएच हे नाव कागदावर आहे पण हाक जाते साध्या डेटाच्याच शेअर्ड चॅनलवरून, आणि ती आलीये हे कंट्रोल चॅनलवर पी-आरएनटीआय नावाच्या एका सगळ्यांसाठी सारख्या ओळखीने कळवलं जातं. फोनने उठायचं चक्र ३२, ६४, १२८ किंवा २५६ रेडिओ फ्रेमचं, म्हणजे ०.३२ ते २.५६ सेकंद. आयएमएसआयला १०२४ ने भागून जी बाकी राहते तिच्यावरून तुमची फ्रेम आणि तिच्यातला सबफ्रेम ठरतो. एका मेसेजमध्ये १६ फोनपर्यंत हाका बसतात, ५जी मध्ये ३२, त्यामुळे २जी सारखी कोंडी इथे सहसा होत नाही. आणि फोनवर ५जी चं चिन्ह दिसतंय म्हणून पेजिंग ५जी वरच येतंय असं समजू नका, नॉन-स्टँडअलोन ५जी (४जी च्या आधारावर चालणारं) असेल तर पेजिंग ४जी वरूनच येतं.

चला, आता प्रत्यक्ष शोधायचं कसं. ज्या वेळी त्रास चालू आहे त्याच वेळी, फोनला अजिबात हात न लावता, दुसऱ्या नंबरवरून कॉल करा आणि कान देऊन ऐका. हात लावायचा नाही हे महत्त्वाचं आहे, कारण तुम्ही एक कॉल लावला किंवा फ्लाइट मोड चालू-बंद केला की फोन परत नेटवर्कला आपली हजेरी देतो आणि पुरावाच जातो. कॉल लावल्या लावल्या दोन-तीन सेकंदांत "बंद आहे" आलं तर साधारणपणे नेटवर्कने हाक मारलेलीच नसते, त्याच्या हिशेबी तुम्ही नेटवर्कवर नाहीच आहात. बराच वेळ शांतता आणि मग "संपर्क होऊ शकत नाही" आलं तर हाक मारली गेली, परत मारली गेली, पण उत्तर आलं नाही. आणि लावणाऱ्याला नीट रिंग ऐकू येत असेल पण तुमचा फोन वाजत नसेल तर बहुतेक वेळा पेजिंग झालेलंय, मग डू नॉट डिस्टर्ब, कॉल फॉरवर्डिंग, ब्लॉक लिस्ट असं काहीतरी बघा. मेसेजचे शब्द प्रत्येक ऑपरेटरचे वेगळे असतात, तेव्हा शब्दांपेक्षा किती सेकंदांनी आला ते मोजा. आणि हो, फक्त ॲपवरचे कॉल येत नसतील आणि साधे येत असतील तर तो फोनच्या बॅटरी सेव्हरचा विषय आहे, त्यात पेजिंगला दोष देऊ नका.

दहा-बारा वेळा असं करून वेळ आणि जागा लिहून ठेवा. कंटाळवाणं काम आहे पण सगळं निदान याच वहीत सापडतं, खरंच.

वहीत घड्याळासारखी पुनरावृत्ती दिसली, म्हणजे दर तासाला शेवटची दहा-पंधरा मिनिटं फोन "बंद" आणि मग आपोआप ठीक, तर गडबड टायमरची असते. फोनला नेटवर्क सांगतं की अमुक वेळाने एकदा हजेरी दे, २जी मध्ये ही वेळ सेलच सगळ्यांना कळवतो, ६ मिनिटांच्या पटीत, आणि ४जी मध्ये डिफॉल्ट ५४ मिनिटं असतात. नेटवर्क स्वतः त्यापेक्षा थोडा जास्त वेळ थांबतं, ४जी मध्ये डिफॉल्ट ४ मिनिटं जास्त, आणि तरी हजेरी आली नाही तर तुम्हाला गेलेला धरायला लागतं. आता कुणी सेलवरचा आकडा वाढवला आणि स्विचवरचा, म्हणजे कॉल जोडणाऱ्या मुख्य यंत्रणेवरचा, तसाच ठेवला तर नेटवर्क फोनच्या आधीच हार मानतं, फोन बिचारा अजून वेळ आहे म्हणून शांत बसलेला. यात तुमच्या हातात काहीही नाही, पण तक्रारीत "दर तासाला, शेवटची पंधरा मिनिटं, लगेच बंद असल्याचा मेसेज" असं लिहिलंत तर ज्याला कळतं त्याला पाच मिनिटांत कळेल.

ठरावीक जागीच होत असेल, म्हणजे एका खोलीत होतं आणि रस्त्यावर आलं की ठीक, तर दोन शक्यता. एक म्हणजे तुम्ही दोन लोकेशन एरियांच्या सीमेवर आहात आणि फोन जागच्या जागी इकडून तिकडे उड्या मारतोय. प्रत्येक उडीला लोकेशन अपडेट, तेवढ्या वेळात हाक जुन्या एरियात जाते आणि फोन नव्यात. बऱ्याच ॲंड्रॉइड फोनमध्ये *#*#४६३६#*#* डायल केलं की टेस्टिंग मेनू उघडतो, आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* ने फील्ड टेस्ट उघडते, त्यात लॅक किंवा टॅक नावाचा आकडा, म्हणजे एरियाचा नंबर, शोधा आणि टेबलावर फोन ठेवून दहा मिनिटं बघत बसा. आकडा सारखा बदलत असेल तर सापडलं. ऑपरेटरला तिथला हिस्टेरेसिस, म्हणजे सेल बदलायच्या आधी लागणारा सिग्नलचा फरक, वाढवावा लागतो, तोपर्यंत तुम्ही फोनची जागा बदलून किंवा एकाच नेटवर्क प्रकारावर लॉक करून वेळ काढू शकता.

दुसरी शक्यता म्हणजे सिग्नल जोरात आहे पण घाण आहे, इंटरफिअरन्स आहे. काड्या ताकद दाखवतात, स्वच्छता नाही. २जी फोन यासाठी एक मोजणी ठेवतो, ९० ला चक्रांच्या सेटिंगने भागून सुरुवात करतो, म्हणजे आपल्या उदाहरणात १८, आपला ब्लॉक वाचता आला नाही की ४ वजा, वाचता आला की १ अधिक, सुरुवातीच्या आकड्याच्या वर मात्र जात नाही. शून्यावर आला की सेल सोडून दुसरा शोधायला लागतो. म्हणजे सलग पाच ब्लॉक हुकले, जेमतेम सहा सेकंद, की फोन सेल बदलायच्या मागे, आणि तेवढ्यात आलेला कॉल गेला.

४जी फोनमध्ये व्होल्टे (४जी वरूनच कॉल) बंद असेल किंवा चालतच नसेल तर सीएसएफबीचा विचार करा. यात कॉलची हाक ४जी वर येते, फोन ती ऐकून २जी किंवा ३जी वर उतरतो आणि तिथे कॉल घेतो. उतरल्यावर तिथला लोकेशन एरिया नेटवर्कने गृहीत धरल्यापेक्षा वेगळा निघाला तर आधी अपडेट करावं लागतं आणि लावणारा तोपर्यंत कंटाळून ठेवून देतो किंवा कॉल पडतो. कधी कधी ४जी च्या बाजूची आणि जुन्या स्विचची आपसातली नोंदच तुटते, नेट मस्त चालू आणि इनकमिंग शून्य, आणि फोनला याचा पत्ताच नसतो. फ्लाइट मोड एकदा केला की ठीक होतं आणि काही दिवसांनी परत, हे त्याचं लक्षण. व्होल्टे चालू करता येत असेल तर आधी ते करा, हा सगळा रस्ताच टळतो.

ड्युअल सिमवाल्यांनी मात्र हे पुढचं नीट वाचा. माझ्या बहिणीच्या फोनवर दोन वेगळ्या ऑपरेटरची सिम, दोन्हींवर ४जी, आणि दुसऱ्या सिमवरचे कॉल फक्त घरी लागायचे नाहीत, ऑफिसमध्ये सगळं व्यवस्थित. आईचे कॉल त्याच सिमवर यायचे, त्यामुळे दोघींचीही काळजी आणि चिडचिड. बहुतेक ड्युअल सिम फोनमध्ये ऐकणारा रेडिओ दोघांत मिळून एकच असतो, तो एका वेळी एकाच नेटवर्कला कान देतो. दोन्ही नेटवर्कचं चक्र १.२८ सेकंदाचं, दोन्ही आयएमएसआय कायमचे ठरलेले, आणि त्या घरातल्या दोन सेलची घड्याळं अशी जुळलेली की दोन्ही सिमची पाळी एकाच क्षणी. चक्र सारखंच असल्यामुळे एकदा टक्कर झाली की दर वेळी होणार, नेटवर्कने दुसऱ्यांदा हाक मारली तरी तीही तिथेच आपटणार. ऑफिसमध्ये सेल वेगळे, घड्याळं वेगळी, म्हणून टक्कर नाही.

हे तपासायला सोपं आहे, पहिलं सिम सेटिंगमधून बंद करा आणि त्याच जागी दुसऱ्यावर कॉल लावून बघा. दहापैकी दहा लागले आणि पहिलं सिम चालू केल्यावर परत हुकायला लागले तर हेच आहे. (पहिल्या सिमवर बोलणं किंवा मोठं डाउनलोड चालू असताना दुसरं हुकणं ही वेगळी गोष्ट, तो अशा फोनचा स्वभावच आहे.) उपाय म्हणजे एका सिमचा नेटवर्क प्रकार बदला. तिच्या पहिल्या सिमवर कॉल कमीच यायचे, ते आम्ही २जी वर ठेवलं. तिकडचं चक्र १.१८ सेकंदाचं असेल आणि इकडचं १.२८ चं तर पाळ्या सरकत राहतात, एखादी हाक हुकली तरी दुसरी मिळते. जिथे जुनी नेटवर्क बंद झालीयेत तिथे हा मार्ग नाही, मग एका सिमचा आयएमएसआय बदलून घ्यावा लागतो. सिम बदलून देताना नवीन आयएमएसआय मिळतो का ते आधी विचारा, नुसतं कार्ड बदलून आयएमएसआय तोच राहिला तर टक्कर तशीच राहील. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपीने रिलीज १७ मध्ये यासाठी सोय केलीये, फोन ४जी नेटवर्ककडे आयएमएसआयच्या हिशेबात थोडी सरक मागू शकतो, पण फोन आणि नेटवर्क दोघांनाही ते यावं लागतं. ५जी स्टँडअलोनमध्ये गणित तात्पुरत्या ओळखीवरून होतं आणि ती बदलत राहते, त्यामुळे तिथे टक्कर कायमची चिकटून बसत नाही.

ट्रॅकर, मीटर, पंप कंट्रोलर अशा सिमवाल्या उपकरणांना एसएमएस कमांड पोचत नसेल तर वरचं सगळं बघायच्या आधी त्यात पीएसएम किंवा ईडीआरएक्स (बॅटरी वाचवणाऱ्या लांब झोपेच्या सोयी) चालू आहे का ते मॉड्यूलच्या एटी कमांडने तपासा. ईडीआरएक्समध्ये झोप १०.२४ सेकंदांच्या पटीत मोजतात आणि ४जी मध्ये ती ४३ मिनिटांपर्यंत जाऊ शकते, एनबी-आयओटी या उपकरणांसाठीच्या नेटवर्क प्रकारात जवळजवळ तीन तास. पीएसएममध्ये तर उपकरण हाक ऐकतच नाही, स्वतःहून उठेल तेव्हाच भेटेल. असं उपकरण बिघडलेलं नसतं, त्याला तसंच सांगितलेलं असतं, आणि मॉड्यूलने मागितलेली वेळ आणि नेटवर्कने मंजूर केलेली वेळ वेगळी असू शकते म्हणून मंजूर झालेली वाचा, मागितलेली नाही.

तक्रार देताना "इनकमिंग लागत नाही" एवढंच लिहिलं तर सिम काढून परत घाला असंच उत्तर येणार. त्याऐवजी तारीख आणि मिनिटासकट वेळ, लावणाऱ्याचा नंबर, किती सेकंदांनी कुठला मेसेज आला, त्या वेळी दिसणारा लॅक किंवा टॅक आणि सेल आयडी, फोन ४जी वर होता की २जी वर, आणि दुसरं सिम बंद करून फरक पडला का, एवढं पाच-सहा कॉलचं द्या. मिनिटासकट वेळ असली की त्यांना स्विचच्या लॉगमध्ये त्या कॉलची हाक गेली होती की नाही ते शोधता येतं, आणि वेळ जाईल तसे लॉग पुसले जातात म्हणून शेवटच्या दोन दिवसांतलेच कॉल द्या.